खिडकीचा पाचवा गज

तेजस्विनीच्या चाळिशीचं जेवण ठरलं, तेव्हा तिला लांबचं स्वच्छ दिसत होतं आणि जवळचंही. पण डोळ्यांना विचारून काही ठरवायची त्या घराची पद्धत नव्हती. माणूस चाळीस वर्षांचा झाला की त्याला घरच्या हाताने घासलेल्या भिंगांचा चष्मा द्यायचा, हा नेम सुपडूशेठनी बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात ‘नेत्रानंद चष्मा भांडार’ उघडलं तेव्हापासूनचा. सुपडूशेठ म्हणजे तेजस्विनीचे वडील विनायक आणि काका निरंजन यांचे आजोबा. घरातल्या कुणाला पन्नाशीतही नुसत्या डोळ्यांनी पोथी वाचता आली, तर ती गोष्ट बाहेर बोलत नसत. दुकानाची बदनामी झाली असती.

आता दुकानात कुणी काही घासत नव्हतं. भिंगं इंदूरहून तयार यायची आणि तेजस्विनीचा धाकटा भाऊ अक्षय फोनवर फोटो दाखवून चष्मे विकायचा. मागच्या खोलीत मात्र विनायकचे वडील अण्णा वापरायचे ती लोखंडी वाटी, पायाने फिरवायचं चाक, काच घासायच्या कुरुंदाच्या भुकटीचे डबे आणि पॉलिशची लाल पूड हे सगळं मेणकापडाखाली झाकून ठेवलेलं असे. घरात कुणाची चाळिशी आली की मेणकापड निघे. मागच्या खेपेला ते निघालं निरंजनसाठी, अठरा वर्षांपूर्वी. विनायकने तो चष्मा बंगळूरला पार्सलने पाठवला आणि निरंजनने तो उजेडाशी धरून न बघता डोळ्यांवर चढवला. त्याच्या बायकोला, हिमानीला, या गोष्टीचं फार कौतुक वाटलं असतं; पण ती तोवर निघून गेली होती. जाताना म्हणाली होती, “मी पोळी वाढली तरी तू ती आधी उजेडाशी धरतोस.”

या खेपेला फोन विनायकच्या बायकोचा, उषावहिनीचा आला.

“भाऊजी, तुम्ही याच. सुट्टी मिळत नाही असं सांगू नका. तुम्हाला तिथे कोण अडवून राहिलंय?”

हे खरं होतं. त्याला कुणीच अडवत नव्हतं.

“काय झालं, वहिनी?”

“यांचा हात हलतो.” वहिनीने आवाज खाली आणला. “उजवा. दोन वर्षं झाली. कंपवात म्हणतात डॉक्टर. पोरांना माहीत नाही, सासूबाईंना नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आणि म्हणतात, थंडी आहे. बऱ्हाणपुरात, एप्रिल महिन्यात.”

“औषध?”

“चालू आहे ना. गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत भरून ठेवते. ते जाऊ द्या. तेजूची भिंगं कोण घासणार? तुम्ही एवढे मोठमोठे आरसे घासता, दोन भिंगं घासून द्या, बस. अक्षयला या हाताचं कळलं ना, तर मागची खोली दुसऱ्या दिवशी मोकळी करेल. त्याला तिथे कॉम्प्युटरवाली आय-टेस्ट टाकायची आहे. एसी लावून.”

निरंजनने त्याच वेळी सांगायला हवं होतं की आपण आयुष्यात एकही आरसा घासलेला नाही. पण घरातला हा समज पस्तीस वर्षांचा झाला होता आणि एवढ्या वयाच्या समजाला फोनवरून धक्का देणं बरं दिसत नाही.

दुर्बिणींचे आरसे घासणारी माणसं वेगळी. निरंजनचं काम त्यांची चूक शोधण्याचं. अडीच मीटर रुंद आरसा महिनोन्महिने घासून झाला की तो निरंजनच्या अंधाऱ्या खोलीत यायचा. तिथे त्याने स्वतः तयार केलेली काचेची एक चकती होती, तिच्यावर केसाहून बारीक वर्तुळं कोरलेली. त्या चकतीतून लेसरचा उजेड आरशावर टाकायचा आणि परत आलेला पडद्यावर घ्यायचा. पडद्यावर काळे-पांढरे पट्टे उमटत. पट्टे सरळ, तर आरसा बरोबर. पट्टा जिथे वाकेल तिथे आरसा चुकलेला. त्या चकतीच्या गणितात त्याची अकरा वर्षं गेली. तीन देशांच्या वेधशाळांनी ती पद्धत उचलली. तिच्यावरच्या निबंधात निरंजनचं नाव होतं आणि संस्थेच्या कँटीनमध्ये त्याच्या टेबलाशी तीन खुर्च्या कायम रिकाम्या असायच्या.

त्या खुर्च्या रिकाम्या होण्याला एक तारीख होती. हिमालयातल्या एका दुर्बिणीचा आरसा तयार झाला, खोका बांधला गेला, मंडप उभा राहिला, पाहुण्यांची विमानाची तिकिटं निघाली. आणि निरंजनने सही केली नाही. एका कडेला आरसा केसाच्या हजाराव्या भागाइतका जास्त घासला गेला होता. मंडप उतरला. आरसा चौदा महिने परत घासण्यात गेला. दुर्बिणीने पहिल्यांदा आकाश पाहिलं त्या दिवशी ताऱ्याचा ठिपका सुईच्या टोकासारखा आला आणि सगळ्यांनी मिळून फोटो काढला. निरंजनला बोलवायचं राहून गेलं. तो फोटो नंतर त्याच्या खोलीबाहेरच लावला, कारण तिथे भिंत मोकळी होती.

बऱ्हाणपूर स्टेशनवर अक्षय स्कूटर घेऊन आला होता.

“काका, एक काम करा ना. उद्या चष्मा हातात धरून एक रील बनवू. ‘दुर्बीणवाले सायंटिस्ट, और उनका खानदानी चश्मा.’ तुम्हाला काही बोलायचं नाही, फक्त वर बघायचं.”

“वर काय बघू?”

“तुम्ही नेहमी काय बघता? तेच.”

निरंजनने त्याला सांगितलं नाही की आपण वर फारसं बघत नाही; अंधाऱ्या खोलीला छप्पर असतं.

विनायक मागच्या खोलीत होता. मेणकापड निघालेलं होतं, चाक मात्र थांबलेलं. तो स्टुलावर बसला होता आणि उजवा हात त्याने मांडीखाली दाबून ठेवला होता, शाळेत मास्तरांच्या छडीपासून लपवावा तसा.

“आलास? बस. डब्यावर नको, कुरुंद आहे त्याच्यात.”

“दादा, वहिनी म्हणाली की भिंगं मी—”

“तुझी वहिनी काहीही म्हणते. नखं दाखव.”

अठ्ठावन्न वर्षांच्या निरंजनने मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले.

“बघ. पॉलिशवाल्याच्या नखातली लाली मरेपर्यंत जात नाही. अण्णांना शेवटचं राजघाटावर नेलं तेव्हाही होती. तुझी नखं बँकेच्या मॅनेजरसारखी आहेत. मी कधीच ओळखलंय. तू घासत नाहीस. तू नापास करतोस.”

“मोजतो, दादा.”

“तेच ते.”

विनायकने डाव्या हाताने खिशातून चष्मा काढून त्याच्यापुढे धरला. भिंगं घासून, फ्रेममध्ये बसवूनसुद्धा झाली होती.

“अकरा दिवस लागले. अण्णांचं दीड दिवसात व्हायचं. आता बघू नकोस.”

निरंजनने बघितलं नाही. म्हणजे त्याने नुसता चष्मा हातात घेतला. पण घेताना डोक्यावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब डाव्या भिंगावरून सरकलं आणि मध्यावर येताच त्याला कोपर फुटलं.

“उद्या जेवणाआधी तू हा खिडकीशी धरायचास,” विनायक म्हणाला. “आणि म्हणायचं, सरळ.”

“ते तर तूच म्हणतोस नेहमी.”

“मी म्हटलं तर लोटूमामा म्हणेल, स्वतःच घासलं आणि स्वतःच पास केलं. तू म्हटलंस की बात खतम. तुझी सही परदेशात चालते.”

“दादा, डावं भिंग—”

“मला सांगतोस?” विनायक एकदम म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. “तीनदा घासलं डावं. तीनही वेळा शेवटच्या घटकेला हात गेला. तेजूला तसाही नंबर नाही. दोन दिवस घालेल, मग कपाटात ठेवेल. कुणाचं काय बिघडतंय? पण तू वाकडं म्हणालास तर अक्षय विचारेल, कसं काय वाकडं? मग हात दाखवायला लागेल. मग ही खोली गेली. मग मी वर बसून काय करू, निरू? टीव्ही बघू?”

निरंजनने चष्मा खिशात ठेवला. खोलीत लाल पुडीचा ओलसर वास होता.

“मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही,” विनायक म्हणाला. “एक शब्द मागतोय.”

सकाळी सहाला निरंजन राजघाटावर जाऊन बसला. तापीला पाणी कमी होतं. पलीकडच्या काठाची ओळ चांगली सरळ होती आणि खिशातल्या चष्म्यातून ती मध्येच गुडघ्यात वाकत होती. चष्मा हलवला की वाकण जागा बदलायचं. वाकण नदीत नव्हतं, याबद्दल शंकेला जागाच नव्हती. त्याने तोंडाने म्हणून पाहिलं, “सरळ.” आवाज बरा वाटला नाही. घसा साफ करून पुन्हा म्हणाला, “सरळ आहे.” ‘आहे’ जोडल्यावर जास्तच संशयास्पद वाटलं.

पायरीवर अंग पुसणारा एक माणूस थांबला. “कुछ ढूंढ रहे हो क्या, अंकल?”

“नहीं. प्रॅक्टिस कर रहा हूँ.”

“करो, करो,” तो म्हणाला आणि टॉवेल पिळत जरा लांब जाऊन उभा राहिला.

जेवण दुकानाच्या वरच्या खोलीत होतं. माणसं घरचीच. नेपानगरच्या शाळेत शिकवणारी तेजस्विनी नवी साडी नेसून पाटावर बसली होती आणि आपला काही गुन्हा नसताना आपल्याला शिक्षा होणार आहे, असा तिचा चेहरा होता. नवरा आणि मुलगी पिंकी तिच्या परीक्षेमुळे येऊ शकले नव्हते. लोटूमामा, म्हणजे निरंजनच्या आईचा, आशाबाईंचा धाकटा भाऊ, शाहपूरकडून केळीचा घड घेऊन आला होता. तो एकोणऐंशीचा होता आणि बहिरा नसूनही मोठ्याने बोलायचा.

“काय रे भाचा! तुझ्या त्या दुर्बिणीतून माही केळीची बाग दिसते का?”

“नाही मामा. ती वर बघते.”

“वर? वर काय पिकते?”

सगळे हसले. निरंजनही हसला. त्याची पानावरची जागा खिडकीसमोर आली होती, आणि ती त्याला नको होती.

खिडकीला पाच गज. चार चौकोनी, पाचवा गोल.

पूर्वी पाचही चौकोनी होते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच खोलीत आईच्या चाळिशीचं जेवण होतं. अण्णांनी चष्मा रिवाजाप्रमाणे खिडकीशी धरला, “सरळ” म्हणाले, आणि आरतीचं तबक पुढे आलं. तेवढ्यात चौदा वर्षांचा निरंजन म्हणाला, “मी बघू?” त्याने बघितलं आणि म्हणाला, “अण्णा, पाचवा गज वाकडा दिसतो.” तो पुढे सांगणार होता की भिंग सरकवलं तर चौथाही वाकडा दिसतो, म्हणजे गजात काही नाही. पण त्याला जेवायला सांगण्यात आलं. आईने चष्मा लावला, पानाकडे बघितलं आणि म्हणाली, “मला तर स्वच्छ दिसतंय.” झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी लोहार बोलावला आणि पाचवा गज बदलून घेतला. लोहाराकडे चौकोनी सळई नव्हती.

बाकीच्यांसाठी प्रकरण तिथे मिटलं. निरंजनसाठी तिथून सुरू झालं. आईला स्वच्छ दिसतंय, याचा अर्थ आपण चुकीचं बघितलं. मग बरोबर कसं बघतात? इंदूरला, मग बंगळूरला, मग त्या अंधाऱ्या खोलीत तो तेच शिकत राहिला. मानपत्रांमध्ये लिहितात तसं त्याला लहानपणी ताऱ्यांचं वेड वगैरे काही नव्हतं. त्याला एका गजाबद्दल खात्री करून घ्यायची होती.

“चला, वरण-बट्टी थंड होते,” उषावहिनी म्हणाली. तिचं लक्ष नवऱ्याच्या हाताकडे होतं. विनायकने तो उपरण्यात गुंडाळला होता.

“यंदा निरू बघेल,” विनायक म्हणाला.

“हां, हे बरं,” लोटूमामा ओरडला. “शास्त्रज्ञ घरात आन् पास दुकानदारानं करायचं?”

अक्षयने फोन वर धरला. “काका, जरा उजेडात. हां. बोला.”

निरंजनने चष्मा उचलून खिडकीशी धरला. पाच गज होते. डाव्या भिंगात गोल गज वर सरळ आला, मध्यावर एक पाऊल बाजूला सरकला आणि पुन्हा खाली सरळ गेला. इतकी स्पष्ट चूक त्याने वर्षानुवर्षांत बघितली नव्हती. त्याच्या चुका डोळ्यांना दिसण्याच्या पातळीवरच्या नसत. मागे विनायकचा श्वास ऐकू येत होता. समोर, भिंतीला टेकून, चौऱ्याऐंशी वर्षांची आई त्याच्याकडे बघत होती. तिची नजर विचित्र होती. पाहुण्याची वाट बघावी तशी.

“सरळ,” निरंजन म्हणाला.

विनायकने श्वास सोडला. उषावहिनीने डोळे मिटले. तबक पुढे आलं, औक्षण झालं आणि तेजस्विनीने चष्मा लावला.

तिने पानाकडे बघितलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. चष्मा काढला. पुन्हा लावला.

“पप्पा,” ती म्हणाली, “डावीकडची काच हलते.”

“नवा आहे, सवय होईल,” वहिनी घाईने म्हणाली.

“नाही, मम्मी, बट्टीचे दोन तुकडे दिसतात. आणि तो गोल गज बघ ना, मध्येच तुटतोय.” ती निरंजनकडे वळली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. “काका, तुम्ही नीट बघितलं?”

“अरे, सायन्सवाल्यानं पास केलाय!” लोटूमामा म्हणाला. “तुहेच डोळे तपास, पोरी.”

घाटावर निरंजनने पुढच्या वाक्याची प्रॅक्टिस केली नव्हती.

तेजस्विनी पाटावरून उठली आणि वडिलांसमोर जाऊन बसली. तिने उपरणं सोडवलं. हात तिच्या हातात आला आणि तिथेही हलत राहिला.

“इतके दिवस एकटे बसलात खाली,” ती म्हणाली. “मला सांगायचं ना. मी आले असते, चाक फिरवलं असतं.”

“तुला कुणी सांगितलं?” विनायकने बायकोकडे बघितलं.

“कुणी कशाला सांगेल? गेल्या वर्षी पिंकीच्या वाढदिवसाच्या कार्डावर तुम्ही सही केली होती. रोज दीडशे वह्या तपासते मी, पप्पा. अक्षर बघून कळतं कोणाचा हात कसा आहे.”

“मला बी माहीत आहे,” अक्षय फोन खाली ठेवत म्हणाला. “त्या बी-कॉम्प्लेक्सच्या दोन गोळ्या मी खाल्ल्या होत्या एक दिवस. ताकद येईल म्हणून. दिवसभर भिंत धरून चाललो.”

उषावहिनी आधी हसली, मग पदर तोंडाला लावला, मग पुन्हा हसली. लोटूमामा म्हणाला, “मले कोणी काहीच सांगत नाही,” आणि त्यानेही विनायकचा हात हातात घेऊन बघितला, केळीचा कंद बघावा तसा.

“मग खोली?” विनायकने विचारलं.

“एसी तर लावायला लागेल, पप्पा,” अक्षय म्हणाला. “कस्टमर उकडतो. पण चाक राहू दे कोपऱ्यात. तेजूताईने फिरवलं तर रील बी चांगला येईल.”

विनायकने मान हलवली. “चाक कोपऱ्यात नाही चालत. उजेड लागतो.”

“मग खिडकीपाशी. एसी कोपऱ्यात. बस?”

असं ते ठरून गेलं. बट्ट्या कुस्करल्या गेल्या, तूप फिरलं, तेजस्विनीला खालून एक तयार फ्रेम आणून बिननंबरी काचेसह घातली गेली आणि ती तिला शोभली. लोटूमामाने मावा जिलेबी किती खाल्ली हे कुणी मोजलं नाही.

निरंजन खाली मान घालून जेवला. पस्तीस वर्षांत त्याने चुकीच्या काचेवर एकदाही सही केली नव्हती. आज केली, आणि ती औक्षणाचं निरांजन विझेपर्यंतसुद्धा टिकली नाही. कुणी त्याला काही म्हणालं नाही. उलट वहिनीने आणखी एक बट्टी वाढली आणि हळूच म्हणाली, “तुम्ही तरी काय करणार, भाऊजी. यांनीच सांगितलं असणार.” विनायक तेजूला अण्णांच्या गोष्टी सांगत होता. त्याने धाकट्या भावाकडे बघितलं नाही. रागाने नव्हे, त्याचं काम झालं होतं.

आईने फक्त वरणभात खाल्ला आणि ती आतल्या खोलीत गेली.

तो मागून गेला तेव्हा ती पलंगावर पोथी मांडीवर घेऊन बसली होती.

“खोटं बोललास,” ती म्हणाली.

“दादाने सांगितलं होतं.”

“त्याने सांगितलं ते कळलंच की. तू का बोललास?”

निरंजनने दार लोटून घेतलं.

“मी विनायकला काही म्हणत नाही,” आई म्हणाली. “तो अण्णांसारखा. पण मला वाटायचं, आपल्या घरात एक माणूस असा आहे की त्याला खिडकीत जे दिसेल तेच तो सांगेल. इथे राहत नाही, फोन बी महिन्यातून एकदा करतो. पण आहे.” तिने पोथी मिटली. “बरं वाटायचं.”

मग उशाखालून एक जुनी डबी काढून त्याच्या हातात दिली. आत चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा चष्मा होता. निरंजनने तो त्या दिवसानंतर हातात घेतला नव्हता; घेऊ दिला नव्हता.

“बघ आता.”

या खोलीच्या खिडकीला गज नव्हते, पण समोरच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची सरळ कड होती. त्याने चष्मा धरला. उजवीकडे कड सरळ गेली. डावीकडे ती वाकली, अगदी तिथेच, त्याला चौदाव्या वर्षी दिसली होती तिथे.

“वाकडी दिसते, आई.”

“हं,” ती म्हणाली. “अक्षरं पोहायची त्याच्यातून. मासळीसारखी.”

“तुला माहीत होतं?”

“डोळे माझेच होते ना.”

“मग तू म्हणालीस कशाला, स्वच्छ दिसतंय?”

“तुझे अण्णा पानावर बसले होते रे.”

निरंजन पलंगाच्या कडेवर बसला. बाहेरच्या खोलीत लोटूमामा काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते.

“तू वाचनालयातून पुस्तकं आणायचीस,” तो म्हणाला. “आठवड्याला दोन. मग बंद झाली. मला वाटलं, तुझी आवड गेली.”

“दुसरा चष्मा कुठून आणणार? घरात चष्म्याचं दुकान, आणि बाईमाणसाने बाजारातून चष्मा आणायचा? अण्णांना सांगावं, तर तू सांगितलंस की. काय झालं? गज बदलला.”

“आणि अण्णा गेल्यावर?”

“मग विनायकने विचारलं असतं, इतकी वर्षं काय करत होतीस. मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरने नंबर लिहून दिला होता, तो कागद आहे कपाटात. पण सवय मोडली होती.”

“पोथी तर रोज वाचतेस.”

“पाठ आहे. पानं अंदाजाने उलटते.”

निरंजनने हातातला चष्मा डबीत ठेवला. झाकण लागेना. “मी सगळा जन्म तेच शोधत होतो,” तो म्हणाला. “की त्या दिवशी माझं काय चुकलं होतं.”

आईने डबी त्याच्या हातातून घेतली आणि झाकण लावलं. “मग शिकलास ना त्या निमित्ताने,” ती म्हणाली.

तो खाली दुकानात गेला. भर दुपारी शटर अर्धं ओढलेलं होतं. भिंगांची पेटी, तपासायची गोल फ्रेम आणि वाचून घ्यायचा पुठ्ठा घेऊन तो वर आला. बाहेरच्या खोलीतून जाताना त्याला कुणी काही विचारलं नाही; अक्षयचा रील चालू होता आणि त्यात आता तेजस्विनी होती.

त्याने फ्रेम आईच्या नाकावर बसवली, कानामागे केस सारले. जगातले काही फार मोठे आरसे त्याच्यासमोर उभे राहून गेले होते, पण माणसाचे डोळे त्याने कधी तपासले नव्हते. एक भिंग घातलं. काढलं. दुसरं घातलं.

“आता?”

“पोहतात.”

“आता?”

तिने पुठ्ठा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः धरला. वर मोठी अक्षरं होती, खाली ओळीगणिक बारीक होत गेलेली. ती मोठ्याने वाचू लागली, पहिलीतल्या मुलीसारखी, बोट ठेवून.

“एक व्यापारी उंटावर कापूस लादून गावाकडे निघाला. नदीवर आला, तेव्हा पूर आलेला होता. पलीकडे त्याला आपलं घर दिसत होतं. त्याने उंटाला खाली बसवलं आणि…”

बोट थांबलं. तिने पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“पुढे?”

“पुढे काही नाही, आई. नंबर काढायचा पुठ्ठा आहे तो. एवढंच असतं.”

“मग गेला का तो घरी?”

“माहीत नाही.”

“रोज लोकांना हे वाचायला देतात दुकानात, आणि कुणी विचारत नाही?”

“नाही.”

तिने पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला तेच हिंदीत छापलेलं होतं. निरंजन पेटी बंद करायला वाकला, तेव्हा तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“थांब,” ती म्हणाली. “हिंदीत पोहोचला असेल.”